शपथेच्या दिवशी बायका राजूरला

कोल्हापूरकडच्या माणसाला दुसरं कुणी राजकारण शिकवायला लागलं की आम्हाला हसू येतं. आमच्याकडे दूध संस्थेपासून तालमीपर्यंत सगळीकडे गट. मुलगी बघायला गेलं तरी आधी पाहुण्यांचा गट विचारतात, पत्रिका नंतर. त्यामुळे जालना जिल्ह्यातल्या एका लहानशा गावची नगरपंचायतीची निवडणूक बघायला मी निघाले, तेव्हा माझ्या मुलानं विचारलंच, "आई, इथलं कमी पडलं काय तुला?"

कारण कमल होती. मिरजेला नर्सिंग शिकताना आम्ही दोघी होस्टेलच्या एका खोलीत होतो. ती शिकून तिच्या मुलखात परत गेली आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करत म्हातारी झाली. मी आमच्याकडे तेच केलं. दोघी निवृत्त झालो. मध्ये फोन, लग्नकार्यं, एवढंच. एके दिवशी तिचा फोन आला.

"वत्सला, मी उभी राह्यले."

"कुठं?"

"निवडणुकीला. आठ दिवस ये. पडले तर सोबत रडायला कुणी पाहिजे का न्हाई?"

"आणि आलीस निवडून तर?"

"तर चहा तू करायचा. मी पाय पसरून बसणार."

गावाचं नाव मी सांगणार नाही. वाटूर फाट्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. निवडणूक होऊन गेली, पण माणसं तिथंच नांदणार आहेत, आणि माझ्या लिहिण्यानं कुणाच्या घरात भांडण लागावं अशी माझी इच्छा नाही. लागायचं ते लागून गेलंच.

वाटूर फाटा

जालन्याला उतरून स्टँडबाहेर मोसंबीचा रस प्याले. मोसंबी इथली, आणि रस काढणाऱ्याचा हात असा की सालीतसुद्धा काही राहू देणार नाही. तिथून एसटीनं वाटूर फाटा. चारी बाजूंना रस्ते फुटलेले, काळीपिवळी जीपवाले गावांची नावं घेऊन ओरडत होते. आमच्याकडे नजर जाईल तिकडे ऊस. इथं कापूस वेचून झालेली शेतं, शेंगांनी वाकलेली तूर आणि मोकळं आभाळ. थंडी अशी की स्वेटर काढावा तर हुडहुडी आणि घालावा तर घाम.

जीपमध्ये शेजारच्या गृहस्थांना मी सहज विचारलं, "काय, वारं कुणाचं?"

"वारं लई हाय बाई," ते म्हणाले, "पण कोणच्या बाजूनं ते मतमोजणीनंतर सांगतो."

माणूस मला आवडला. पण मनात म्हटलं, हे तर आमच्याकडचं लहान पोरही बोलतं.

कमलचं घर वार्डाच्या मधोमध आहे. त्यापलीकडे बौद्ध वस्ती आणि अलीकडे गावातल्या मोठ्या भावकीची घरं. एकाच आडनावाची, एकाच मूळपुरुषाची, जमिनी राखून असलेली माणसं. वार्डातली निम्म्याहून जास्त मतं त्यांची. त्यांचाच एक पुतण्या एका पक्षाकडून उभा होता. दुसऱ्या पक्षाकडून एक आडतवाला. आणि तिसरी आमची कमल, अपक्ष, निशाणी कपबशी.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि मिरचीचा ठेचा होता. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. ते कालवून आमटी करतात. आमच्या तांबड्या रश्श्यापुढे ही आमटी दिसायला साधी, पण दोन वाट्या कधी पोटात गेल्या कळलं नाही. वाढत होते कमलचे यजमान. ते शाळेतून निवृत्त झालेत आणि सगळं गाव त्यांना नुसतं 'सर' म्हणतं.

"कपबशीच का घेतली?" मी विचारलं.

सर म्हणाले, "माझ्या वडिलांच्या वक्ताला स्टँडवरच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी बाहेर खिडकीत ठेवलेली राह्यची. पिऊन आपणच धुवायची अन् परत तिथंच ठेवायची. निशाण्या दाखवल्या, त्यात शिट्टी व्हती, पंखा व्हता. हिनं दुसरीकडं बघितलंच न्हाई."

कमल म्हणाली, "जेवा हो. थंड होऊन राह्यलंय."

कमलचा ओटा

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एक म्हातारी येऊन बसली. हिरवं नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. ही गयाकाकू. भावकीतले सगळ्यात वडीलधारे अण्णा, त्यांची बायको आणि उमेदवार पुतण्याची चुलती. म्हणजे शत्रूच्या गोटातली.

"शिस्टर, बीपी बघ माझं."

कमलनं पट्टा बांधला, बीपी बघितलं, गोळी चुकवल्याबद्दल रागावली. काकूंनी निमूटपणे ऐकून घेतलं. सगळं ओट्यावरच. काकू उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत आणि कमलनं त्यांना पाणीही विचारलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी तांब्या देतात, मग कोण म्हणून विचारतात. काकू गेल्यावर मी तसं बोलून दाखवलं.

"त्या पीत न्हाईत," कमल म्हणाली. "एक कारण जुनं हाय, तुला माहीत असलेलं. दुसरं नवं हाय. कोणच्या दिवशी कोणतं, ते मी विचारत न्हाई."

नवं कारण तिनं मग सांगितलं. तेच तिचं निवडणुकीचं कारण होतं.

गावचा आठवडी बाजार मोठा. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका भाजी घेऊन दिवसभर बसतात, गावातल्या बायका खरेदीला फिरतात. त्या सगळ्या बाजारात बायकांसाठी मुतारी नाही. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात. बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. सकाळी चहा झाला की संध्याकाळपर्यंत घशात थेंब नाही. कमल दवाखान्यात होती तोवर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बायकांची रांग लागायची. जळजळ, ताप, मुतखडे.

"मी म्हणायचे, पाणी पी बाई. त्या म्हणायच्या, पिऊन जाऊ कुठं? नोकरीभर मी गोळ्या देत राह्यले, वत्सला. गोळीनं भिंत बांधली जाती का? दार लागतं, कडी लागती, पाणी लागतं. तिथं आता दुकानाचे गाळे काढायचेत पुतण्याला. आडतवाल्यालाबी गाळेच काढायचेत. मंग म्हणलं, आपणच जाऊन बसावं त्या सभेत."

वार्ड खुला होता, म्हणजे जागा कुणासाठी राखीव नव्हती. भावकीतल्या शहाण्या माणसांनी तिला समजावून पाहिलं होतं. तुमची राखीव जागा पुढच्या बारीला येईल, तवा उभं राहा, आम्हीच पाठिंबा देऊ. त्यावर कमल म्हणाली होती, "नंबर लागेपर्यंत लघवी थांबत असती का?"

हे वाक्य तिनं भर चौकात म्हटलं होतं. सर अजून त्याची आठवण निघाली की खाली बघतात.

मी मात्र कोल्हापूरची. मी मनातल्या मनात मतं मांडली. वस्तीची एवढी, भावकीची तेवढी. हिशोब काही जुळेना. मी तिला स्पष्ट सांगितलं, "कमल, पडणार तू."

"पडले तर पडले. पण बस म्हणलं तरी बसणार न्हाई." आणि ती पदर खोचून प्रचाराला निघाली. तिच्या मागून मीही निघाले.

गावात मताची एक रीत सरांनी मला चालता चालता समजावली. एरवी इथं मोठी घरं मतं वाटून घेतात. थोरला भाऊ या पक्षात, धाकटा त्या पक्षात, एखादा जावई तिसरीकडे. भांडण बिलकुल नसतं. रात्री एका ताटात जेवतात. कुणीही निवडून येवो, आपला एक माणूस तिकडे असला की विहिरीचं, रस्त्याचं काम अडत नाही. घरातल्या बायकांनी आपापल्या नवऱ्याच्या पक्षाला मत द्यायचं. या खेपेला मात्र भावकीचाच पोरगा उभा, म्हणून वाटणी बंद. सगळी मतं एका जागी पडली पाहिजेत, आणि त्यासाठी काही तरी पक्कं करायचं चाललं होतं. काय ते सरांना कळलं नव्हतं.

राजूरची वाट

मतदानाच्या दोन दिवस आधी काकू पुन्हा ओट्यावर आल्या. "कोल्हापूरच्या बाई, राजूरला येता का? पुतण्यानं बायांसाठी जीपा केल्यात. गणपतीचं दर्शन. आमच्या जीपत एक जागा हाय."

मी कमलकडे बघितलं. विरोधकाच्या जीपमधून देवाला जायचं म्हणजे काय? ती म्हणाली, "जा की. गणपती काय त्याच्या पार्टीत हाय का?"

सकाळी लवकर निघालो. जीपमध्ये काकू, त्यांच्या दोन सुना, भावकीतल्या आणखी चारपाच जणी आणि मी. ड्रायव्हर पुतण्याचा मित्र होता, त्यानं प्रचाराचं गाणं लावलं होतं. त्यात कपबशीचं नाव काढायची कुणाची टाप? सगळ्या निवडणूक सोडून बोलत होत्या. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाता खाता, कुणाची सून कशी, कुणाची गाय आटली. मी बाटलीतलं पाणी पीत होते. नर्सची सवय, आणि त्यात ती चटणी झणझणीत.

काकूंनी दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, पाणी कमी प्या."

"पाणी जास्तच प्यावं काकू. तब्येतीला बरं."

"बरं तर बरं," असं म्हणून त्या बाहेर बघायला लागल्या. सुना तोंडाला पदर लावून हसल्या. का ते मला लवकरच कळलं.

जालना मागं पडलं आणि माझी अवस्था कठीण झाली. मी ड्रायव्हरला थांब म्हटलं. त्यानं एका ढाब्यावर गाडी घेतली, स्वतः मागच्या भिंतीआड जाऊन आला आणि चहा सांगितला. मी मालकाला विचारलं. बायकांसाठी एक दार होतं खरं, पण त्याला कुलूप, आणि किल्ली भावाकडे, आणि भाऊ जालन्याला. मी पुन्हा जीपमध्ये बसले. खड्डा आला की डोळ्यांत पाणी यायचं. नोकरीभर मी हजारो बायकांना ऐटीत सांगितलं होतं, लघवी अडवायची नाही म्हणून. अडवणं म्हणजे काय, ते मला त्या रस्त्यावर कळलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेवटी काकूंनी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "थांबीव. बाईला उलटी होऊन राह्यली."

एका तुरीच्या शेताकडेला त्या सगळ्या उतरल्या. माझ्याभोवती गोल उभ्या राहिल्या, पाठी माझ्याकडे, पदर पसरलेले. रस्त्यावरून ट्रक हॉर्न मारत जात होता. मी साठी ओलांडलेली बाई लाजेनं अर्धमेली झाले.

पाठमोऱ्या काकू म्हणाल्या, "लाजू नका. आमचं रोजचंच हाय हे. तुमी एक दिवस केलं."

परत जीपकडे येताना त्या थोड्या मागं राहिल्या आणि हळू आवाजात बोलल्या. "मला मुतखडा झाल्ता. लई बेजार झाल्ते. शिस्टरनं जालन्याला नेऊन दाखवलं, माझ्यासंगं राह्यली. अण्णा तवा कुठल्याशा मीटिंगला गेल्ते. बाजाराच्या दिवशी मी अजून पाणी पित न्हाई. भ्या वाटतं."

राजूरचं देऊळ टेकडीवर आहे. चतुर्थी नव्हती, तरी माणसं होती. खाली नारळ-हारांची दुकानं, पेढ्यांची दुकानं, आणि जीपवाल्यांची तीच आरडाओरड. मूर्तीसमोर काकू उभ्या राहिल्या त्या हलेचनात. मागची रांग कुरकुरायला लागली. काकू पुढं वाकून देवाशी काही तरी बोलत होत्या, चांगलं मोठं बोलणं. त्या बाजूला झाल्या तशा त्यांच्या दोन्ही सुना वाकल्या, मग बाकीच्या. प्रत्येकीचं तेच.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काकू, एवढं काय मागितलंत?"

"मागायला न्हाई आल्ते," काकू म्हणाल्या. "सांगायला आल्ते."

"काय?"

"ते त्याला सांगितलं. तुमाला कशाला?"

मी म्हटलं, असेल नातवाचं काही. पेढे घेतले आणि जीपमध्ये बसले. परतीच्या वाटेवर मी बाटलीचं झाकण उघडलं नाही.

गावात शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. महादेवाच्या देवळातून भावकीचे पुरुष बाहेर पडत होते, सगळ्यांच्या कपाळाला भंडारा, चेहरे गंभीर. बायकांच्या जीपा बघून कुणी तरी म्हणालं, "झालं का दर्शन? आमचंबी झालं."

काय झालं ते घरी कळलं. भावकीतल्या प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषानं बेल आणि भंडारा हातात घेऊन महादेवासमोर शपथ घेतली होती: माझ्या घरातलं एकही मत पुतण्याला सोडून जाणार नाही. आडतवाल्याकडे चारदोन घरं झुकतात अशी कुजबुज होती, म्हणून हा बंदोबस्त. बायका घरी असल्या की शेजारणी येतात, बोलणं फुटतं. म्हणून त्याच दिवशी त्यांना देवदर्शनाला धाडलं.

बेलभंडारा आमच्याकडेही उचलतात. शपथ मोडणाऱ्याचं काय होतं याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्यात. मी कमलला म्हटलं, "आता तर संपलंच. देवाच्या दारात उचलला म्हणजे कोण मोडतंय?"

कमलला ते लागलं होतं, हे मला दिसत होतं. मग ती उठली, चपला घातल्या. "पलीकडची दोन घरं राह्यलीत. येतीस का तू?"

"आता? उपयोग काय?"

"उपयोगाचं नंतर बघू. त्यांला मी येते म्हणले व्हते."

टेबलं

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर तीन टेबलं मांडलेली. मतदारानं कोणत्या टेबलावरून नावाची चिठ्ठी घेतली, यावरून त्याचं मत कुणाला हे गाव ठरवून टाकतं. इथं मत गुप्त असलं तरी चिठ्ठी सगळ्यांसमोर घ्यावी लागते. पुतण्याच्या टेबलाला मांडव होता, खुर्च्या होत्या, पाणी होतं. आडतवाल्याकडे पोहे होते. आमच्या टेबलावर सर होते, दोघं वस्तीतले होते, आणि उन्हाला आडोसा म्हणून एक छत्री होती.

भावकीतल्या बायका घोळक्यानं आल्या. पुढं काकू. त्या पुतण्याच्या टेबलाकडे गेल्या, चिठ्ठ्या घेतल्या, पदर सावरत आत गेल्या. बोटाला शाई लावून बाहेर आल्या आणि आमच्या टेबलासमोरून सरळ घरी. एकीनंही वळून बघितलं नाही. काकूंनी तर मान अशी ताठ ठेवली होती की मला रागच आला. तुरीच्या शेतात पदर पसरून उभी राहिलेली बाई ती हीच का, असं वाटलं. पुतण्याच्या टेबलावरची पोरं खुशीत होती. दुपारीच गुलालाची पोती येऊन पडली.

मी कमलला म्हटलं, "मी सांगितलं होतं."

"ऐकलं मी," ती म्हणाली आणि एका आंधळ्या म्हाताऱ्याला हात धरून केंद्राच्या दारापर्यंत सोडायला गेली. तो आडतवाल्याचा माणूस होता.

मतमोजणी तालुक्याच्या ठिकाणी झाली. आम्ही आवाराबाहेर उभ्या होतो. सर आत होते. वार्ड लहान, वेळ फारसा लागला नाही. सर बाहेर आले, चष्मा पुसत. मी म्हटलं, झालं, आता रडायचं. ते कमलसमोर येऊन उभे राहिले.

"पडले ना?" कमलनं विचारलं.

सरांनी मान हलवली. "आलीस. थोडक्यात, पण आलीस."

कमल तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसली. पदर डोळ्याला लावून ती रडली आणि मी तिच्यासोबत रडले. म्हणजे रडायला मी आले होते ते फुकट गेलं नाही.

महादेवाचा पार

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी कमल वार्डात आभाराची फेरी काढायला निघाली. घरोघरी हात जोडायचे. वस्तीत तिला ओवाळलं, नाचणं झालं. मग आम्ही भावकीच्या गल्लीत शिरलो आणि महादेवाच्या पाराजवळ थबकलो.

पारावर पुरुष जमले होते आणि भांडण पेटलं होतं. कुणी तरी शपथ मोडली, एवढं नक्की होतं. वस्तीची सगळी मतं धरली तरी कमलला मिळालेली मतं कितीतरी जास्त होती. मग ती आली कुठून? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. तू आडतवाल्याचा मिंधा, तू आधीपासूनच तसला. कुणी देवळाच्या पायरीवर डोकं टेकून म्हणत होतं, माझ्या लेकरांची आन, मी न्हाई. आणि पुतण्या तर सरळ अण्णांवर आला होता.

"अण्णा, तुमच्याच घरातून फुटलं. तुमची बायको त्या शिस्टरच्या ओट्यावर बसती."

अण्णांचं वय झालेलं. पांढरा सदरा, हातात काठी. "मी बेल उचललाय पोरा. म्हाद्यावासमोर. मी बटन तुझंच दाबलं."

"मंग मतं कुठं गेली?"

म्हातारा रडकुंडीला आला. आयुष्यभर ज्यांच्या शब्दावर गल्ली चालली, ते सगळ्यांसमोर शपथा घेत होते. कमल पुढं व्हायला लागली. मी तिचा हात धरला, आपण बोललो तर आगीत तेल. तेवढ्यात समोरच्या दारातून काकू आल्या. काखेत बाजाराची टोपली. त्या सरळ पाराजवळ गेल्या.

"त्यांला कायला बोलून राह्यला?" त्या पुतण्याला म्हणाल्या. "मत मी दिलं शिस्टरला. माझ्या सुनांनी दिलं. आणखी कुणी दिलं ते त्या सांगतील."

मग अण्णाच म्हणाले, "अगं, शपथ व्हती. घराची शपथ व्हती."

"तुमची व्हती. तुमी बटन दाबलं, शपथ पाळली, देव पावंल तुमाला. आमच्या हातात कुणी बेल दिल्ता?"

"कर्त्यानं उचलला म्हणजे घर त्यात आलं," पुतण्या ओरडला.

"आलं असंल. पण तुमी बेल उचलला दिवस कलताना. आमी त्याच दिवशी सकाळी राजूरला गणपतीला सांगून आल्तो, मत शिस्टरला देणार म्हणून. आता तूच सांग, पहिला मान कुणाचा? म्हाद्यावाच्याबी आधी गणपती पुजत्यात का न्हाई?"

पारावर दोघा-तिघांनी नकळत मान हलवली, कारण धर्माच्या दृष्टीनं बाई बरोबर बोलत होती. तोवर सगळा संशय पुरुषांवरच होता; काकूंचं नाव निघालं तेही अण्णांना धरायला. एकमेकांची डोकी फोडायला निघाले होते, पण घरात कुणाचं मत वेगळं असेल हे मनातही आलं नव्हतं. आम्ही कोल्हापूरकर असली चूक करत नाही. आमच्याकडे भंडारा बायकांच्याही हातात ठेवतात, सासूपासून सुनेपर्यंत. ही रीत चांगली असं मी आजवर समजत होते. त्या पारासमोर उभं राहून मला पहिल्यांदा तिची लाज वाटली.

पुतण्या अजून बघतच होता. "राजूरला? तुमाला कुणी नेल्तं राजूरला?"

"का रे?" काकू म्हणाल्या. "जीप तर तूच केल्ती."

आधी कुणी तरी मागं हसलं. मग दारादारातल्या बायका. शेवटी अण्णासुद्धा काठीवर हनुवटी टेकून हसले, डोळे पुसत. पुतण्या तरातरा निघून गेला. तो पुन्हा उभा राहील, आणि पुढच्या बारीला बायकांनाही देवळात बोलावतील, यात मला शंका नाही. तेव्हाचं तेव्हा.

आम्ही घराकडे वळलो. मागून काकूंच्या चपलांचा आवाज येत होता. भर दिवसा, भर गल्लीतून, सगळ्यांच्या देखत त्या आमच्या मागं आल्या. ओट्यावर थांबल्या नाहीत. उंबरा ओलांडून आत आल्या आणि टोपली खाली ठेवून भिंतीला टेकून बसल्या. कमल दारातच उभी राहिली. ठरल्याप्रमाणे चहाचं आधण मी ठेवलं.

"चहा होऊ दे सावकाश," काकू म्हणाल्या. "आधी पाणी दे, शिस्टर."

कमलनं तांब्या भरून दिला. ओतून घ्यायला काकूंनी भांडं मागितलं नाही. मान मागं टाकली, तांब्याच तोंडाला लावला आणि गटागटा पाणी पिऊन टाकलं. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी रिकामा तांब्या कमलपुढं ठेवला.

"आज बाजार हाय," त्या म्हणाल्या. "अन् मी तांब्याभर पाणी पिले. आता तू जल्दी बांधाय लाग."